मोजायचे तर पूर्ण मोजा

बेसबॉलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोण, या प्रश्नाला अमेरिकेत ठरावीक उत्तरे मिळतात. न्यू यॉर्कच्या परिसरात विचारा, डेरेक जीटरचे नाव येते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत वाढलेली पिढीही यांकीजची टोपी घालून हेच सांगते. होम रन मोजणारे ॲलेक्स रॉड्रिगेझपाशी थांबतात. क्षेत्ररक्षणाचे रसिक ऑझी स्मिथच्या पलीकडे बघायला तयार नसतात. एरवी एकमेकांशी हमरीतुमरीवर येणारे हे तिन्ही गट होनस वॅग्नरचे नाव काढले की मात्र एक होतात. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, तेव्हाचा खेळ तो काय आणि समोर खेळणारे तरी कोण, असे म्हणून त्याला उडवून लावतात.

हे उडवून लावणे मला मान्य नाही. या तिन्ही गटांनी शॉर्टस्टॉपच्या कामाचा आपापल्या सोयीचा एकेक तुकडा उचलला आहे आणि तोच तराजूत टाकला आहे. पूर्ण काम तोलले तर वॅग्नरच्या शेजारी उभा राहू शकेल असा एकच माणूस सापडतो, आणि त्याचे नाव या तिघांपैकी कोणीच घेत नाही.

आधी काम कोणते ते पाहू. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा शॉर्टस्टॉपची. उजव्या हाताने खेळणारे फलंदाज जास्त, आणि त्यांचे जमिनीवरून जाणारे फटके बहुधा याच बाजूला येतात. थर्ड बेसच्या अंगाला खोलवर गेलेला चेंडू उलट्या हाताने अडवायचा, तोल सावरायचा आणि मैदानाच्या आरपार फर्स्ट बेसवर फेकायचा. फलंदाजाला तिथवरचे नव्वद फूट पळायला चार सेकंदांहून थोडाच जास्त वेळ लागतो. त्याशिवाय अंगावर घसरत येणारा धावपटू चुकवून डबल प्ले पुरा करायचा, बेस चोरायला निघालेल्याला अडवायचे, आउटफील्डमधून आलेला थ्रो पुढे पोचवायचा. हे सगळे निभावणारा मिळाला तर त्याची बॅट कच्ची असली तरी संघ चालवून घेत आले आहेत. म्हणून शॉर्टस्टॉपची तुलना करताना बॅट आणि ग्लव्ह दोन्ही एकाच वेळी तराजूत हवेत.

जीटरपासून सुरुवात करू, कारण त्याच्या बाजूचा आवाज सर्वांत मोठा. ३,४६५ हिट्स, पाच वर्ल्ड सिरीज, पाच गोल्ड ग्लव्ह आणि २०२० मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ३९७ पैकी ३९६ मते. इतक्या पुराव्यापुढे शंका घेणारा आडमुठा ठरायचा. वर कळस म्हणून १३ ऑक्टोबर २००१ चा ऑकलंडचा सामना सांगितला जातो. सातवी इनिंग, दोघे बाद, यांकीज १-० ने पुढे. टेरेन्स लाँगचा फटका उजव्या कोपऱ्यात गेला आणि फर्स्ट बेसवरचा जेरेमी जिआम्बी होम प्लेटच्या दिशेने सुटला. शेन स्पेन्सरचा थ्रो मध्ये उभ्या असलेल्या दोघांच्याही डोक्यावरून गेला. चेंडू फर्स्ट बेसच्या रेषेलगत टप्पे घेत मंदावू लागला. शॉर्टस्टॉपचे त्या कोपऱ्यात खरे तर काहीच काम नसते. जीटर मैदान आडवे कापत तिथे पोचला, पळता पळता चेंडू उचलला आणि उलट्या हाताने बाजूलाच होर्हे पोसाडाकडे टाकला. जिआम्बी न घसरता उभाच आला आणि बाद झाला. यांकीजनी सामना जिंकला, मागून येऊन मालिकाही जिंकली.

त्या क्षणाचे कौतुक कितीही करा, थोडेच आहे. पण शॉर्टस्टॉपचा संसार अशा क्षणांवर चालत नाही. तो चालतो सेकंड बेसच्या जवळून निसटू पाहणाऱ्या साध्या ग्राउंडरवर. असे चेंडू दर आठवड्याला येतात, वीस वर्षे येत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. जीटरच्या डाव्या हाताला जाणारे हे चेंडू सेंटर फील्डमध्ये जात राहिले. त्याची गंमत अशी, की हात पोचलाच नाही तर एररही लागत नाही. नोंदवहीत तो प्रतिस्पर्ध्याचा स्वच्छ हिट म्हणून चढतो आणि शॉर्टस्टॉपची पाटी कोरी राहते. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबाने जीटरने कारकिर्दीत क्षेत्ररक्षणात संघाच्या दोनशेहून जास्त धावा घालवल्या, तर ऑझी स्मिथने जवळजवळ तेवढ्याच वाचवल्या. असे हिशेब अंदाजाचे असतात, हे खरे. दहावीस धावा इकडेतिकडे होतील. पण एक खाईत आणि दुसरा शिखरावर, एवढे अंतर अंदाजाच्या चुकीने पडत नाही.

मग पाच गोल्ड ग्लव्हचे काय? हा पुरस्कार मॅनेजर आणि कोच यांच्या मतांवर दिला जात असे, आणि ती मते कशी पडत याचे दोन दाखले पुरेत. १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला. त्या वर्षी तो फर्स्ट बेसवर जेमतेम २८ सामने उभा होता. १९९० मध्ये कॅल रिपकनने अख्ख्या मोसमात शॉर्टस्टॉपवर फक्त तीन एरर केले, तरी पुरस्कार दुसऱ्याला गेला. जीटरच्या बाबतीत तर पुरावा त्याच्या शेजारीच उभा होता. २००४ मध्ये यांकीजनी रॉड्रिगेझला आणले, तेव्हा आदल्या दोन्ही वर्षांचा शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह रॉड्रिगेझकडे होता. तरीही थर्ड बेसवर गेला तो. कप्तानाच्या जागेला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. त्याच वर्षी जीटरला पहिला गोल्ड ग्लव्ह मिळाला. लौकिक कामाच्या पुढे धावतो तो असा.

रॉड्रिगेझचे प्रकरण लवकर निकालात निघते. ६९६ होम रनचा आकडा डोळे दिपवतो, पण त्यांतले निम्म्याहून जास्त त्याने शॉर्टस्टॉप सोडल्यानंतर मारले. २००२ चे ५७ होम रन हा शॉर्टस्टॉपचा उच्चांक. पण २००१ ते २००३ या काळात आपण उत्तेजके घेतली, अशी कबुली त्यानेच २००९ मध्ये दिली. पुढे २०१४ चा संपूर्ण मोसम तो निलंबित होता. त्याच्या अंगच्या गुणांबद्दल वाद नाही. पण अर्धी कारकीर्द दुसऱ्या जागी आणि पहिल्या अर्ध्यातली ऐन बहराची वर्षे डागाळलेली असताना त्याला या जागेचा सम्राट म्हणायचे, तर शब्दांना काही किंमतच राहत नाही. शिकागोच्या अर्नी बँक्सचे नाव घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्याच्या ५१२ होम रनांना डाग कुठलाच नाही, पण तो शॉर्टस्टॉपपेक्षा फर्स्ट बेसवर जास्त सामने खेळला.

ऑझी स्मिथशी भांडताना हात जड होतो. १९८० ते १९९२ सलग तेरा गोल्ड ग्लव्ह. आणि या वेळी मतदारांना खरोखर दिसले होते. १९८० मध्ये त्याने ६२१ असिस्ट केले, म्हणजे इतक्या वेळा चेंडू अडवून, फेकून कोणाला तरी बाद करवले. एका मोसमातला शॉर्टस्टॉपचा तो विक्रम आहे. त्याच्या पहिल्याच मोसमात, २० एप्रिल १९७८ ला, सॅन डिएगोत अटलांटाच्या जेफ बरोजने मधून चेंडू मारला. ऑझीने डावीकडे झेप घेतली. तो हवेत असतानाच चेंडूने वाकडा टप्पा घेतला आणि त्याच्या मागे उसळला. ग्लव्हचा हात पुढे गेलेला होता; त्याने उजवा उघडा हात मागे नेऊन चेंडू पकडला, पडला, उठला आणि फर्स्ट बेसवर फेकून बरोजला बाद केले. केवळ क्षेत्ररक्षणाचा दरबार भरवला तर सिंहासन ऑझीचे, यात शंका नाही.

पण दरबार पूर्ण खेळाचा आहे. ऑझीची कारकिर्दीची सरासरी ०.२६२ आणि १९ मोसमांत होम रन २८. त्याने स्वतःची फलंदाजी कष्टाने सुधारली, ५८० बेस चोरले, १९८७ मध्ये एकही होम रन न मारता ०.३०३ ची सरासरी गाठली. हे सगळे त्याच्या खात्यात जमा करूनही हिशेब वॅग्नरपर्यंत पोचत नाही. बेंचवरून सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, याचा एक ढोबळ अंदाज आता काढला जातो. बॅट, पाय आणि ग्लव्ह तिन्ही त्यात येतात. बेसबॉल-रेफरन्सच्या या हिशेबात जीटरला सुमारे ७१, ऑझीला ७७, रिपकनला ९६ आणि वॅग्नरला १३१ विजय मिळतात. सलग २,६३२ सामने खेळलेला, ४३१ होम रन मारलेला, सहा फूट चार इंचांचा रिपकन या यादीत दुसरा शोभतो. उंच, दणकट माणूस या जागी चालत नाही हा समज त्याने मोडला. तरीही तो आणि वॅग्नर यांच्यात एका बऱ्या खेळाडूच्या अख्ख्या कारकिर्दीएवढे अंतर उरते.

आता वॅग्नर. आजच्या लोकांना तो माहीत आहे तो सिगारेटच्या पाकिटातून निघालेल्या एका दुर्मीळ कार्डामुळे. २०२२ मध्ये त्यातले एक ७२.५ लाख डॉलरना विकले गेले. कार्डाची किंमत तोंडपाठ आणि माणसाचा खेळ अनोळखी, अशी त्याची अवस्था आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींत पोरवयात राबलेला हा माणूस, पायांनी फेंगडा, हात फावड्यांसारखे. १८९७ मध्ये तो लुइव्हिलकडून लीगमध्ये आला आणि १९०० पासून शेवटपर्यंत पिट्सबर्गसाठी खेळला. आउटफील्ड, फर्स्ट बेस, थर्ड बेस अशा अनेक जागा सांभाळून तो शॉर्टस्टॉपवर स्थिरावला १९०३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी. ज्या वयात इतर लोक ही अवघड जागा सोडायचा विचार करतात, त्या वयात त्याने ती हाती घेतली आणि चाळिशी ओलांडेपर्यंत सांभाळली. नॅशनल लीगची फलंदाजीची आठ अजिंक्यपदे, ३,४२० हिट्स आणि सातशेहून जास्त चोरलेले बेस.

१९०८ चा मोसम घ्या. पिचरांची ती सद्दी होती. चेंडूला थुंकी लावणे नियमात बसत होते, एकच चेंडू काळवंडेपर्यंत वापरला जायचा, आणि नॅशनल लीगची एकूण सरासरी होती ०.२३९. त्यात ३४ वर्षांच्या वॅग्नरची सरासरी ०.३५४. हिट्स, डबल, ट्रिपल, फलंदाजीने आणलेल्या धावा, चोरलेले बेस, या सगळ्यांत लीगमध्ये पहिला. होम रनमध्ये तेवढा दुसरा आला. त्याचे दहा, ब्रुकलिनच्या टिम जॉर्डनचे बारा. आणि हे सगळे त्याने मैदानावरची सर्वांत कष्टाची जागा सांभाळून केले. असा मोसम दुसऱ्या कोणत्या शॉर्टस्टॉपने दिला, ते जीटरच्या वकिलांनी सांगावे.

आक्षेप आहेत, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये वॅग्नर पडला; सरासरी ०.२२२, एरर सहा, आणि पिट्सबर्ग हरले. कबूल. पण सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, डेट्रॉइटविरुद्ध त्याने ०.३३३ च्या सरासरीने फलंदाजी केली, सहा बेस चोरले आणि सातव्या सामन्यात संघ विजेता ठरला. समोरचा टाय कॉब ०.२३१ वर अडकला. दुसरा आक्षेप एररांचा. वॅग्नर मोसमात पन्नासच्या आसपास एरर करायचा, रिपकनने तीन केले. मग थोर कोण? असे विचारणाऱ्याने त्या काळचा ग्लव्ह एकदा डोळ्यांखालून घालावा. बोटांना जाळी नाही, खोलगटपणा नाही, हाताच्या पंजाहून थोडाच मोठा चामड्याचा तुकडा. मैदानावर खडे आणि ढेकळे. त्या मैदानांवर सगळेच शॉर्टस्टॉप ढिगाने एरर करत. वॅग्नरला जोखायचे तर त्याच मैदानांवर, तसलाच ग्लव्ह घालून उभ्या असलेल्यांशी, आणि त्यांच्यात तो वरच्या रांगेत होता.

तिसरा आक्षेप काळाचा. आजचे पिचर शंभर मैलांच्या वेगाने टाकतात, वॅग्नर आज टिकला असता का? या न्यायाने इतिहासच बंद करावा लागेल. उद्याच्या पोरांपुढे जीटरही असाच जुनाट ठरेल, मग त्याच्यासाठी तरी एवढा गळा कशाला काढायचा? माणसाला त्याच्या काळातल्या माणसांच्या तुलनेतच मोजता येते, आणि त्या तुलनेत आपल्या जागेवरच्या इतरांना इतके मागे टाकणारा शॉर्टस्टॉप नंतर झालेला नाही.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. वॅग्नरच्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनसाठी उतरला, तोपर्यंत ही बंदी होती. देशातल्या उत्तम खेळाडूंचा एक मोठा हिस्सा दाराबाहेर ठेवून मिळवलेली अजिंक्यपदे पूर्ण किमतीला घेता येणार नाहीत. वॅग्नरच्या आकड्यांतून काही वजा करावे लागेल, हे मी मानतो. पण हा आक्षेप घेणारे पुढे काय करतात ते पाहा. ते वॅग्नरला कापतात आणि रिकामी जागा जीटरला नाहीतर रॉड्रिगेझला देऊन मोकळे होतात. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्यातल्या शॉर्टस्टॉपचे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही. दुसऱ्याचा अन्याय वापरून आपला माणूस पुढे काढायचा, याला न्यायबुद्धी म्हणत नाहीत.

त्या शॉर्टस्टॉपचे नाव जॉन हेन्री लॉइड. १८८४ मध्ये फ्लोरिडातल्या पलॅटका गावी जन्मलेला. कृष्णवर्णीय संघांतून आणि हिवाळ्यात क्यूबातून खेळला. क्यूबात त्याला 'एल कुचारा', म्हणजे चमचा, म्हणत. जमिनीवरचा चेंडू तो मातीसकट खरवडून उचलायचा. लोक त्याला 'काळा वॅग्नर' म्हणू लागले, आणि वॅग्नरने ही तुलना स्वतःचा मान समजल्याचे सांगितले जाते. हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतले ते १९७७ मध्ये, मरणोत्तर. निग्रो लीगच्या नोंदी मेजर लीगच्या अधिकृत आकड्यांत २०२४ मध्ये मिसळल्या गेल्या, त्याचे ढोल वाजले. पण त्या नोंदी १९२० ते १९४८ या काळातल्याच. १९२० मध्ये लॉइड ३६ वर्षांचा होता. त्याची ऐन उमेदीची वर्षे आजही त्या हिशेबाबाहेर आहेत. खेळ संपल्यावर तो न्यू जर्सीतल्याच अटलांटिक सिटीत शाळेच्या साफसफाईचे काम करत असे, आणि त्याच्या नावाचे मैदान १९४९ पासून तिथे आहे. यांकीजची टोपी घालून शॉर्टस्टॉपचे राजे ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिले असेल? लॉइडला न्याय द्यायचा तर वॅग्नरला खाली ओढून भागणार नाही, लॉइडला त्याच्या पायरीवर चढवावे लागेल.

याच वादाला जोडून दुसरा प्रश्न येतो: जागा कुठलीही असो, सगळ्या अंगांनी पूर्ण असा खेळाडू कोण? इथे बेब रूथ आणि शोहेई ओतानी ही दोन नावे हमखास येतात, आणि युक्तिवाद एकच, की दोघेही पिचर आणि फलंदाज. रूथचे ७१४ होम रन आणि पिचर म्हणून ९४ विजय हा चमत्कारच. पण हे दोन रूथ बहुतांशी वेगवेगळ्या काळातले आहेत. १९२० मध्ये न्यू यॉर्कला आल्यावर त्याने पिचिंग जवळपास सोडलेच. पळण्याचे म्हणाल तर १२३ बेस चोरताना तो ११७ वेळा पकडला गेला. ओतानी एकाच मोसमात दोन्ही करतो, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला एकाच सामन्यात दहा जणांना स्ट्राइकआउट करून वर तीन होम रन मारणाऱ्यापुढे मीही हात जोडतो. पण ज्या दिवशी तो पिचिंग करत नाही, त्या दिवशी संघाचा बचाव चालू असताना तो बेंचवर असतो. २०२४ चे ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस त्याने क्षेत्ररक्षणाला एकदाही न उतरता केले. दोन मोठी कामे अद्वितीय, तिसरे जवळपास नाहीच. पूर्णता मी याला म्हणणार नाही.

म्हणून माझे उत्तर विली मेज. ६६० होम रन, सव्वातीन हजारांहून जास्त हिट्स, तीनशेहून जास्त चोरलेले बेस, आणि सेंटर फील्डवर १९५७ ते १९६८ सलग बारा गोल्ड ग्लव्ह. चार वर्षे लीगमध्ये सर्वाधिक होम रन त्याचे आणि वेगळी चार वर्षे सर्वाधिक चोरलेले बेसही त्याचेच. १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा पूर्ण मोसम सैन्यात गेला, तरी हे आकडे. आणि बंदी उठलेल्या लीगमध्ये, देशातल्या साऱ्या उत्तम खेळाडूंशी झुंजून मिळवलेले. वॅग्नरवर घेतला जाणारा चौथा आक्षेप त्याला शिवत नाही.

२९ सप्टेंबर १९५४ चा त्याचा झेल जगाला पाठ आहे. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवी इनिंग, २-२ बरोबरी, क्लीव्हलंडचे दोघे बेसवर, एकही बाद नाही. विक वर्ट्झचा चेंडू पोलो ग्राउंड्सच्या खोल सेंटर फील्डकडे गेला आणि मेजने होम प्लेटकडे पाठ करून, धावता धावता खांद्यावरून येणारा चेंडू घेतला. छायाचित्र इथेच थांबते. खरे काम त्यापुढचे आहे. सेकंड बेसवर असलेला लॅरी डोबी तेवढ्या अंतरावरून थेट घरी पोचू शकला असता. मेज झेल घेताक्षणी गर्रकन वळला आणि टोपी उडाली तरी चेंडू इनफील्डमध्ये परत फेकून मोकळा झाला. डोबी थर्ड बेसवरच अडला, धाव झाली नाही, आणि न्यू यॉर्क जायंट्स दहाव्या इनिंगमध्ये जिंकले. झेलाची वाहवा करणारे लाखो आहेत, पण सामना वाचला तो झेलाइतकाच त्या थ्रोने.

तेव्हा माझा निकाल असा. सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉप होनस वॅग्नर, आणि त्याच्या बरोबरीने, त्याच पायरीवर, जॉन हेन्री लॉइड. त्यांच्या खाली रिपकन, मग ऑझी. सगळ्या अंगांनी पूर्ण खेळाडू विली मेज. जीटर थोर फलंदाज होता, हॉल ऑफ फेममध्ये त्याची जागा हक्काची आहे. त्याची टोपी कोणी काढायला सांगत नाही. एवढेच करा: पुढचा सामना पाहताना फलंदाजावरची नजर काढून एक इनिंगभर नुसत्या शॉर्टस्टॉपकडे पाहा. त्याच्या ग्लव्हमध्ये आलेले चेंडू मोजा, हाताखालून निसटलेलेही मोजा, आणि मगच माझ्याशी भांडायला या.